बटाट्याला उसाच्या हिशोबानं युरिया नको

पत्र असं आहे: "नमस्कार. गडहिंग्लजजवळ हिरण्यकेशीच्या काठाला आमचं ३० गुंठे काळं रान आहे. उसाचा खोडवा मोडला, पावसाळ्यात सोयाबीन घेतलं आणि मागल्या वर्षी दिवाळीनंतर पहिल्यांदाच बटाटा केला. लावताना डीएपी खताचं एक पोतं, विसाव्या दिवशी युरियाचं एक पोतं, पंचेचाळिसाव्या दिवशी एक आणि ६५ व्या दिवशी फुगवणीसाठी म्हणून अजून एक. पाला असा आला की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. काढणीला मात्र निम्मा माल गोल्टी, म्हणजे बारका बटाटा, साल हातानं निघायची, बेळगावात व्यापाऱ्यानं दर पाडला. घरात म्हणतात भाजीत पिचपिचीत लागतो आणि तळला की काळा पडतो. यंदा युरिया नेमका किती आणि कधी घालू? माणसं मिळत नाहीत, सगळा लावतानाच टाकला तर चालेल का? दुकानदार म्हणतो नॅनो युरिया मारा, भागतंय."

दादा, तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा तुमची पोती मोजली. युरियाचं पोतं हल्ली ४५ किलोचं येतं, त्यात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे एका पोत्यात जवळपास २१ किलो, तीन पोत्यांचं झालं ६२. डीएपीच्या ५० किलोत १८ टक्क्यानं ९ किलो. सगळं मिळून ७१ किलो नत्र, आणि तेही ३० गुंठ्यांत. एकरावर नेऊन बघितलं तर ९५ किलो होतं. आपल्याकडं बटाट्याला शिफारस चालते ती साधारण हेक्टरी १०० किलो नत्र, ६० स्फुरद (फॉस्फरस) आणि १२० पालाश (पोटॅश) अशी, म्हणजे एकराला नत्र ४०. तुम्ही दुपटीच्या पुढं गेलाय. आणि पालाश? तो तर तुमच्या पत्रात कुठंच नाही. ज्या पिकाला नत्रापेक्षा पालाश जास्त लागतो त्याला पोटॅशचा एक दाणा नाही आणि युरिया तीन पोती, मग रस्त्यावरचा माणूस पाला बघायला थांबणारच की.

यात तुमचं एकट्याचं काही नाही, आपल्या भागातला हात उसावर बसलेला आहे. लावणीच्या हंगामाप्रमाणं आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस असते, पूर्वहंगामीला ३४०, सुरूला २५०, पण तो ऊस वर्ष दीड वर्ष रानात उभा असतो आणि त्याचं जे काही विकायचं ते जमिनीच्या वर असतं. पाला-कांडी जेवढी वाढंल तेवढं टनेज. बटाटा ९०-१०० दिवसांत घरी येतो, आणि विकायचं ते मातीखाली. त्यामुळं उसाला मोठ्या भरणीला, माती चढवताना, जसा शेवटचा हात मारतो तसा बटाट्याला "फुगवणीचा" युरिया म्हणून काही नसतं. हे ६५ व्या दिवसाचं पोतं तुम्हाला कोणी सुचवलं माहीत नाही, पण गोल्टी, सालीचा त्रास आणि भाजीचा पिचपिचीतपणा या तिन्हींत त्या पोत्याचा हात आहे.

ते कसं, ते जरा निवांत सांगतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की मग तारखा पाठ करायला लागत नाहीत.

बेण्याची फोड मातीत गेली की पहिले पंधरा-वीस दिवस कोंब त्या फोडीतलीच शिदोरी खातो. मुळं अजून बोटभर, बाहेरून नत्र घ्यायची ताकद कमी आणि गरजही कमी. म्हणून पहिल्या पंधरवड्यात रानात पडलेला जास्तीचा युरिया पिकापेक्षा पाण्याच्या कामाला येतो, पाटपाणी दिलं की खाली निघून जातो. बटाट्याची बहुतेक मुळं वरच्या फूट-सव्वा फुटातच असतात, त्याच्या खाली गेलेलं नत्र बटाट्याला परत मिळत नाही. पुढं उसाला मिळंल कदाचित, पण बिल तुम्ही बटाट्याच्या नावावर फाडलंय.

मग येतो तिसावा दिवस. इथं एक काम करा, २८-३० दिवस झाले की रानाच्या मधल्या भागातलं एक झाड खुरप्यानं अलगद बाजूनं माती काढून उघडं करा, उपटू नका. खोडाच्या मातीखालच्या भागातून पांढरे जाडसर धागे आडवे निघालेले दिसतील, मुळांपेक्षा जाड, टोकाला आकड्यासारखे वाकलेले. त्यातल्या काहींचं टोक गुंजेएवढं, काहींचं वाटाण्याएवढं सुजलेलं दिसलं की समजायचं बटाटा धरायला लागला. झाडाला किती बटाटे लागणार हे या पुढच्या दहा-बारा दिवसांत ठरतं. या वेळेला झाडाकडं नत्र पाहिजे पण उतू जाता कामा नये. जास्त झालं की झाड आपला सगळा जोर पाल्यावर लावतं, बटाटा धरायचं काम लांबतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात लवकर लावलेला असेल, रात्री गरम असतील तर हे लांबणं अजून वाढतं कारण बटाट्याला धरायला थंड रात्रच लागते. थंडी आपल्याकडं किती दिवस असते तुम्हाला माहीतच आहे, दोन आठवडे पाल्यात गेले तर ते फुगवणीतूनच वजा होतात. मग काढणीला गोल्टी.

साधारण ४० व्या दिवसापासून पुढं बटाटा पोसतो. पाल्यात तयार झालेलं अन्न खाली उतरतं, आणि ते उतरवायला मदत करतो पालाश. या टप्प्यावर, तुमच्यासारखा ४५ व्या आणि ६५ व्या दिवशी युरिया पडला की झाड नवीन शेंडे काढत बसतं, पिकायचं नावच घेत नाही. ९५ दिवस झाले तरी पाला हिरवागार. हिरव्या पाल्याखालचा बटाटा कोवळा असतो, त्याची साल बसलेली नसते, हमालानं पोतं आपटलं की साल सोलते आणि तिथून सड शिरते. कोवळ्या बटाट्यात पाणी जास्त, घन भाग कमी, म्हणून भाजीत पिचपिचीत. आणि साखर नीट पिठात बदललेली नसते, ती तेलात गेली की जळते, तळल्यावर काळा पडतो तो याच्यामुळं. (थंड्या स्टोअरमधला बटाटाही काळा पडतो, तिथंही साखरच वाढलेली असते, पण तुमचा तर थेट रानातला होता.) दाट पाल्यात ओल सुकत नाही त्यामुळं डिसेंबरच्या धुक्यात करप्याला घर मिळतं ते वेगळंच.

आता यंदाचा हिशोब. तुमच्या ३० गुंठ्यांना शिफारशीप्रमाणं नत्र ३० किलो, स्फुरद १८, पालाश ३६ असं बसतं. डीएपी सोडा. त्यापेक्षा दहा-सव्वीस-सव्वीस हे मिश्रखत दीड पोतं घ्या, म्हणजे ७५ किलो, त्यात नत्र साडेसात, स्फुरद साडेएकोणीस आणि पालाश तेवढाच. पालाश अजून कमी पडतो तो म्युरेट ऑफ पोटॅशचा २८ किलो घातला की भरतो. याच्याबरोबर लागवडीला युरिया फक्त १२ किलो. मग राहिला ३३ किलो युरिया, तो महिन्याच्या भरीला, म्हणजे झाडांना माती चढवताना. १२ आणि ३३ झाले ४५, बरोबर एक पोतं. मागल्या वर्षी तीन पोती होती. हे एकूण नत्र २८ किलोच्या आसपास जातं, शिफारशीपेक्षा दोन किलो कमी, ते मुद्दाम, कारण आधी सोयाबीन होतं, त्याची मुळं आणि गळलेला पाला थोडंफार देऊन जातो. शेणखत घालणार असाल तर त्याचंही थोडं मिळतं, चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या एका टनात पाचेक किलो नत्र असतं पण पहिल्या हंगामात त्यातलं थोडंच पिकाच्या हाताला लागतं. फक्त शेणखत कच्चं नको, नाहीतर सालीवर खवड्या उठतो आणि मग पुन्हा व्यापारी दर पाडायला मोकळा.

एक उलट हिशोबही करून बघा म्हणजे खात्री पटंल. एक टन बटाटा निघायला पाला धरून साधारण ४ ते ५ किलो नत्र लागतं. तुमच्या ३० गुंठ्यांत ६ टन निघाला तर २४ ते ३० किलो. मागल्या वर्षीच्या ७१ किलोंत चौदा ते अठरा टनांचं नत्र होतं, ३० गुंठ्यांत तेवढा माल निघणार आहे का?

लागवडीचं खत टाकताना ते बेण्याला चिकटू देऊ नका. सरीत खत, त्यावर दोन बोटं माती, मग बेणं, किंवा बाजूला दोन-तीन इंचावर. युरियातून निघणारा अमोनिया कोंब जाळतो, आणि मग "बेणं खराब निघालं" म्हणून बेणंवाल्याशी भांडण. युरिया आणि बाकीची खतं एकत्र कालवली तर लगेच टाकून मोकळं व्हा, रात्रभर ठेवलं की ओल धरतं, सकाळी त्याचा लगदा झालेला असतो. जमत असेल तर लागवडीच्या १२ किलो युरियाच्या जागी २५ ते ३० किलो अमोनियम सल्फेट घाला, नत्र तेवढंच आणि वर गंधक मिळतं, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानाला ते मानवतं. मिळालं तर, कारण युरिया घ्यायला गेलं तरी लिंकिंगमध्ये, म्हणजे युरियाबरोबर दुसरा माल घ्यायची सक्ती म्हणून, दोन बाटल्या गळ्यात पडतात तिथं अमोनियम सल्फेट मागितलं तर दुकानदार तुमच्याकडंच बघतो.

दुसरा डोस २८ ते ३२ दिवसांच्या मध्ये, वर सांगितलेलं झाड उघडून बघून. वाफसा असताना खुरपणी करून घ्या, युरिया झाडाच्या बुडाला न टाकता वरंब्याच्या बगलेला टाका आणि त्याच दिवशी भर लावून मातीआड करा. त्याच दिवशी म्हणजे त्याच दिवशी. आज युरिया टाकला, परवा माणसं आली की भर लावू, असं केलं की चुनखडीच्या रानात वर पडलेल्या युरियातलं नत्र वाफ होऊन उडतं. भर लावल्यावर हलकं पाणी. सरी तुडुंब भरून रात्रभर मोटर चालू ठेवायची नाही, लाईट रात्रीची आहे म्हणून पाणी सोडून झोपायची आपली सवय बटाट्याला लई महाग पडते.

मापाचं सांगतो, कारण अंदाजानं टाकलं की पहिल्या दहा सऱ्यांत निम्मं खत संपतं आणि शेवटच्या सऱ्या उपाशी राहतात. सऱ्या मोजा. समजा ६० आहेत, तर ३३ किलो भागिले ६०, एका सरीला ५५० ग्रॅम. घरातला एखादा डबा घ्या, किराणा दुकानात एकदा ५५० ग्रॅम युरिया तोलून त्या डब्यावर खूण करा, आणि टाकणाऱ्याला सांगा एका सरीला एक डबा. एवढ्यानं काम होतं.

आणि एक सरी, मधली कुठलीतरी, बिनयुरियाची सोडा. म्हणजे लागवडीचा डोस त्यालाही, पण भरीचा युरिया नाही. खुंटी मारून ठेवा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी दोन्ही शेजारी शेजारी बघा, काढणीला त्या सरीचा माल वेगळा तोला. तुमच्या रानात आधीचं नत्र किती शिल्लक आहे हे असली सरी स्वतः सांगते, वर्षानुवर्षं उसाला युरिया खाल्लेल्या रानात फरक फार पडणार नाही असा माझा होरा आहे. त्याच्याबरोबर माती परीक्षण करून घ्याच. खत टाकायच्या आधी, रानाच्या आठ-दहा ठिकाणाहून वीतभर खोल खड्ड्यातली माती काढून, मिसळून अर्धा किलो. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाच्या जागेची घेऊ नका. कणेरी किंवा तळसंदेच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर तुमच्या तालुका कृषी अधिकाऱ्याकडं चौकशी करा. सेंद्रिय कर्ब आणि पालाश हे दोन आकडे बघा, पालाश भरपूर आला तर वरचा २८ किलोचा हिशोब कमी करता येईल.

सगळा युरिया लावतानाच टाकला तर चालेल का? तुमच्या रानात नको. काळं रान धरून ठेवतं हे खरं, पण पाटपाण्यानं जातंच, आणि पहिला महिना पीक लहान असताना पोट भरून घातलेलं नत्र पाल्यातच जातं. माणसांची अडचण खरी आहे, पण भर तर तुम्हाला लावायचीच आहे, ती न लावता बटाटा उघडा पडून हिरवा होतो. त्याच माणसांच्या पुढं एक जण डबा घेऊन चालला की झालं, युरियासाठी वेगळा रोज पडत नाही. पैरा करून, म्हणजे एकमेकांच्या रानात पाळीपाळीनं काम करून, घेतलं तर अजून बरं.

इथं तांबड्या रानवाल्यांसाठी दोन ओळी, कारण चंदगड, आजऱ्याकडनं हे वाचणारे बरेच आहेत आणि तिकडं पावसाळी बटाटाही असतो. वरचा दोन हप्त्यांचा हिशोब तुमच्याकडं जसाच्या तसा नका लावू. हलक्या तांबड्या मातीत आणि तिकडच्या पावसात नत्र टिकत नाही, एकूण तेवढंच ठेवून तीन हप्ते करा: लागवडीला एक तृतीयांश, २० दिवसांच्या आसपास एक, आणि ३५ व्या दिवशी भरीबरोबर शेवटचा. भर दिली आणि दुसऱ्या दिवशी ढगफुटीसारखा पाऊस झाला, आठवड्यात खालची पानं फिक्की पडायला लागली, तर ४० दिवसांच्या आत असाल तरच एकरी दहा-बारा किलो युरिया अजून द्या. ठिबकवाल्यांना सोपं आहे, निम्मं नत्र लागवडीला आणि राहिलेलं पंधराव्या दिवसापासून सहा आठवडे, एकरी आठवड्याला ७ किलो युरिया. पन्नास-पंचावन्न दिवसांनंतर टाकीत युरिया नाही, पोटॅश चालू ठेवा.

नॅनो युरियाचं. हा पातळ, पानांवर फवारायचा. बाटली अर्ध्या लिटरची असते. लेबलवर नत्राचे टक्के लिहिलेले असतात, अगदी २० टक्के धरले तरी त्यात नत्र झालं १०० ग्रॅम. तुम्हाला पाहिजे २८ किलो. दुकानदाराला हा भागाकार करायला सांगा. फवारणीला माझा विरोध नाही, पण ती जमिनीतल्या डोसाच्या जागी नाही. पाऊस-पाण्यानं मुळं गप्प झाली आणि पीक पिवळं पडलं तर ४०-५० दिवसांच्या दरम्यान साधाच युरिया एक टक्का, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, ऊन उतरल्यावर मारा, पाच-सहा दिवसांत पान बोलतं.

पिवळ्या पानावरनं लोक फसतात म्हणून तेही सांगून टाकतो. नत्र कमी पडलं की खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. शेंड्याची नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असल्या तर ती बहुतेक लोहाची ओरड असते, चुनखडीच्या रानात हमखास, तिथं युरियाचा उपयोग नाही. सगळंच झाड मलूल असेल तर आधी सरीत पाणी साचलंय का बघा. आणि ७० दिवसांनंतर खालची पानं पिवळी व्हायला लागली तर काहीही करू नका, ते पीक पिकतंय. बरेच जण नेमके तेव्हाच घाबरून युरियाचं पोतं फोडतात.

काढणीच्या आधी पाणी आठ-दहा दिवस तोडा. पाला अजून हिरवा असेल तर काढणीच्या दहा-बारा दिवस आधी विळ्यानं कापून टाका, त्या दिवसांत साल बसते. चार ठिकाणचे चार बटाटे काढून अंगठ्यानं जोरात चोळा, साल सरकली तर अजून दोन-चार दिवस थांबा. व्यापारीही सौद्यात पहिल्यांदा अंगठाच फिरवतो.

जात तुम्ही कळवली नाही. पुखराज असेल तर तो लवकर पोसतो, त्याला भरीचा डोस २८ दिवसांच्या पुढं ढकलू नका. ज्योती असेल तर ३०-३२ पर्यंत चालतं. आणि वडेवाले, वेफरवाले यांना माल द्यायचा विचार असेल तर म्युरेटच्या जागी सल्फेट ऑफ पोटॅश बघा, त्यानं घन भाग जरा बरा राहतो, पण ते महाग आहे, बाजारात साधा सौदाच करायचा असेल तर तेवढा खर्च निघणार नाही. मागल्या वर्षीच्या मालातलं काही बेण्याला ठेवलं असेल तर ते लावू नका, कोवळा निघालेला आणि साल सोललेला माल रानात सडतो, बेणं नवीन आणा.